खाऱ्या हवेतला व्होल्टेजचा सूर

१९५४ साली ‘नागिन’ पडद्यावर आला आणि गारुड्याची पुंगी गल्लोगल्ली वाजू लागली. ती पुंगी खरी नव्हती. हेमंतकुमार यांच्या त्या संगीतात पुंगीचा सूर कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लाव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढला होता, आणि त्याला रवी यांच्या हार्मोनियमची जोड होती. फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास घडवलेले हे छोटेखानी वाद्य व्हॉल्व्हवर चाले. एका वेळी एकच सूर देई. आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायची एक दांडी त्याला असे. युरोपात ते पियानोच्या जोडीला ठेवायचे वाद्य म्हणून विकले जाई. गिरगावात वाढलेल्या एका कच्छी तरुणाने त्याच्यातून नाग डोलावा असा सूर काढला.

ती धून आजही मुंबईच्या उपनगरांत वरातीत वाजते. गोराईही त्याला अपवाद नाही. गोराई म्हणजे खरे तर दोन वस्त्या. खाडीच्या अलीकडे बोरिवली पश्चिमेची गोराई, ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या छोट्या भूखंडांवर उभी राहिलेली वसाहत. खाडीपलीकडे ईस्ट इंडियन आणि कोळी कुटुंबांचे जुने गाव, होली मॅजाय चर्च, समुद्रकिनारा आणि १९८९ मध्ये सुरू झालेले, आता बंद पडलेले एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान. ईस्ट इंडियन लग्नात उंबराच्या पाण्याच्या विधीसाठी विहिरीवर जाताना बँड लागतो, अलीकडच्या वसाहतीत हळदीला बेंजो पार्टी लागते. क्लॅरिनेट आणि बुलबुलतरंगाच्या शेजारी ऑक्टोपॅड आणि ‘कॅसिओ’ येऊन बसले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. नाचणाऱ्याने दातात रुमाल धरला की वादकाची बोटे आपसूक त्या पुंगीवर जातात, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच यंत्राचा आवाज खाडीच्या वाऱ्यावर पुन्हा निघतो.

मुंबईत विजेवर सूर काढणाऱ्या वाद्यांचा इतिहास बहुतेक वेळा गाण्यांच्या अंगाने सांगितला जातो: कोणत्या गाण्यात कोणता आवाज, कोणत्या संगीतकाराने तो आधी वापरला. त्या इतिहासाचा अर्धा भाग मात्र वाद्याच्या मागच्या बाजूला आहे. ॲनालॉग सिंथेसायझर सुरात राहत नाही, त्याला राखावे लागते. उन्हाळ्यात त्याचा सूर सरकतो, पावसाळ्यात त्याचे सांधे गंजतात, आणि एखादी वायर अर्धवट घुसली की ते मुके होते. बिघाड कानाने ओळखणे हा या वाद्याच्या वादनाचाच भाग आहे. मुंबईच्या वादकांनी तो कसा आत्मसात केला असेल, हे समजायचे तर आधी व्होल्टेजच्या सुराचे गणित पाहावे लागते.

१९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग गावी रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या साथीने एक कल्पना प्रत्यक्षात आणली. सुराची उंची, त्याचा उजळपणा, त्याचा जोर, सगळे एकाच चलनात मोजायचे, आणि ते चलन म्हणजे व्होल्टेज. सुराला एक व्होल्ट जास्त द्या, तो एक सप्तक वर जातो. अर्धस्वर हवा तर त्याचा बारावा हिस्सा, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. पट्टी दाबून हे व्होल्टेज देता येते, गोल खुंटी फिरवून देता येते, किंवा दुसऱ्या एखाद्या संथ कंपनाकडून आपोआप देता येते. सूर मग त्या कंपनाबरोबर हेलकावतो. ऑसिलेटर सूर निर्माण करतो, फिल्टर त्यातले वरचे स्वरांश कापतो, ॲम्प्लिफायर जोर ठरवतो, आणि एन्व्हलप नावाचे मंडळ सुराचा उठाव, उतार, टिकाव आणि विराम आखून देते. मूग यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत हे सगळे सुटे सुटे भाग असत. वायरींनी जोडल्याशिवाय त्यातून हूं की चूं निघत नसे.

असे एक भले मोठे मूग भारतात आले ते अहमदाबादला. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, बसवून दिले. त्यामागे साराभाई कुटुंबाचा जुना जिव्हाळा होता. गीता साराभाई यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताचे पाठ दिले होते. एनआयडीच्या त्या स्टुडिओत गीताबेनांसह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९६९ ते १९७२ या काळात ध्वनिफिती तयार केल्या. पुढे काम थांबले आणि फिती कपाटात पडून राहिल्या. ब्रिटनमधले कलाकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या, आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. त्या ऐकताना मोठा आनंद होतो: इथे कुणी गाण्याची चाल शोधत नाही, व्होल्टेज काय काय करू शकते एवढेच पाहते आहे.

मुंबईची गोष्ट वेगळी. इथे संस्था नव्हती, अनुदान नव्हते. इथे रेकॉर्डिंग होते. ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब, अशा स्टुडिओंत साठ-सत्तर वादक एकत्र बसत, गायक काचेपलीकडे उभा राही आणि गाणे सलग वाजवले जाई. एकाचा सूर चुकला की सगळ्यांचा टेक पुन्हा. या खोलीत सत्तरच्या दशकात मूग आणले केरसी लॉर्ड यांनी. वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुर्जोर दोघेही तालवाद्यांतले दिग्गज. केरसी स्वतः तालवाद्ये, ग्लॉकेनस्पील, ॲकॉर्डियन असे सगळे वाजवत. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’चे ॲकॉर्डियन त्यांचे. त्यांनी निवडले ते मिनीमूग. १९७० मध्ये बाजारात आलेल्या या वाद्यात तीन ऑसिलेटर, ४४ पट्ट्या, एक फिल्टर आणि डाव्या हाताशी दोन चाके होती. अमेरिकेत त्याची किंमत सुरुवातीला १,४९५ डॉलर होती. परकीय चलनावर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात एका वादकाने एवढी रक्कम एका वेळी एकच सूर देणाऱ्या यंत्रात घालणे हे धाडसच होते.

पण एका वेळी एकच सूर, यातच त्याचे इथले मोल होते. पाश्चात्त्य वादकाला त्यात अडचण वाटे, कारण त्याला दोन्ही हातांनी स्वरसंघ हवे असत. आपले गाणे मुळात एका सुराच्या मागून चालणारे. मिनीमूगच्या चाकावर अंगठा ठेवला की सूर पट्टीच्या बंधनातून सुटे आणि मींड घेता येई. ‘ग्लाइड’ची खुंटी फिरवली की एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाताना मधली वाट ऐकू येई. पेटीवर ज्या मींडीसाठी शतकभर बोलणी खावी लागली, ती या पट्टीवाल्या वाद्यात जन्मजात होती. फिल्टरचेही तसेच. रेझोनन्स वाढवून फिल्टर हळूहळू उघडला की एकाच सुरातले वरचे स्वरांश एकामागून एक उजळत जातात. नीट जवारी काढलेल्या मिरजेच्या तंबोऱ्यात खर्जातून गंधार उमलतो तसे. चित्रपटसंगीताने या शक्यता बऱ्याचदा भीतीच्या प्रसंगांना आणि अंतराळी आवाजांना वापरल्या, याची हळहळ वाटते.

मिनीमूगमध्ये वायरी नव्हत्या. जोडण्या आत कायमच्या होत्या. सुटे भाग आणि बंद पेटी यांच्या मधली वाट काढली ती सेमी-मॉड्युलर वाद्यांनी. १९७१ चे आर्प २६०० हे त्यातले गाजलेले नाव, १९७८ चे कॉर्ग एमएस-२० हे दुसरे. त्यांची युक्ती जॅकमध्ये, म्हणजे वायर खुपसायच्या छिद्रात, आहे. प्रत्येक जॅकच्या आत एक छोटी पत्ती असते. जॅक रिकामा असेल तर ती पत्ती कारखान्याने ठरवलेली जोडणी चालू ठेवते: ऑसिलेटर फिल्टरला, फिल्टर ॲम्प्लिफायरला, पट्ट्या ऑसिलेटरला. वायर खुपसली की पत्ती उचलली जाते, आतली जोडणी तुटते आणि वायरीतून येणारे व्होल्टेज तिची जागा घेते. नवशिक्याला काहीही न जोडता वाजवता येते, जाणत्याला हवे ते मोडून नव्याने बांधता येते.

बहुतेक बिघाडांचे मूळही याच पत्तीत असते. वाद्य अचानक मुके झाले की जाणता वादक आधी समोरच्या वायरी पाहतो. एक टोक जॅकमध्ये आणि दुसरे हवेत लोंबकळते आहे, अशी वायर हा पहिला संशयित. ती काहीच आणत नाही, पण आतली जोडणी मात्र तोडून बसते. त्यानंतर तो सुराच्या वाटेने उलटा चालतो. ॲम्प्लिफायर कायमचा उघडून पाहायचा. आवाज आला तर ऑसिलेटर आणि फिल्टर ठीक आहेत, दोष एन्व्हलपकडे किंवा त्याला पट्टीकडून मिळणाऱ्या इशाऱ्याकडे आहे. आवाज नाही आला तर फिल्टर पूर्ण उघडायचा. कित्येकदा तो इतका बंद असतो की सूर आत असूनही बाहेर पडत नाही. तरीही शांतता असेल तर ऑसिलेटरची वायर थेट बाहेर काढून ऐकायची. पेचकस हातात घ्यायची वेळ यानंतर येते.

दोन वाद्ये एकमेकांना जोडली की आणखी घोळ होतात, कारण सगळ्या कंपन्यांनी एकच नियम पाळला नाही. मूग आणि आर्प यांनी सप्तकामागे एक व्होल्ट हा नियम धरला. कॉर्गच्या एमएस मालिकेने वेगळा धरला: कंपनसंख्या दुप्पट तर व्होल्टेजही दुप्पट. त्यामुळे मूग पद्धतीच्या पट्टीवरून एमएस-२० चा ऑसिलेटर वाजवायला गेले तर एक, दोन, तीन, चार व्होल्टना चार सप्तकांतले षड्ज मिळत नाहीत. मिळतात ते सा, वरचा सा, त्याचा पंचम आणि त्यावरचा सा. स्वरांशांची मालिकाच समोर येते. ऐकायला ती सुंदर लागते, पण गाणे वाजवता येत नाही. इशाऱ्याचेही असेच: काही वाद्ये पट्टी दाबल्यावर पाचेक व्होल्ट देतात, तर मिनीमूग आणि एमएस-२० यांना तारेचे जमिनीशी टेकणे हाच इशारा लागतो. उलटसुलट जोडले की पट्टी सोडल्यावर सूर सुरू होतो आणि दाबल्यावर थांबतो. हे लक्षण एकदा ऐकले की पुन्हा विसरत नाही.

आता उष्णतेकडे. मुंबईत या वाद्याशी खरी झुंज इथे होते. एका व्होल्टला एक सप्तक हे प्रमाण आतला एक ट्रान्झिस्टर सांभाळतो. त्याच्यापर्यंत पोचेतो त्या एका व्होल्टचे सप्तकामागे जेमतेम १८ मिलिव्होल्ट उरलेले असतात, आणि हा आकडा तापमानाशी बांधलेला आहे. एक अंश फरक पडला की प्रमाण सुमारे ०.३३ टक्क्यांनी सरकते. सुराच्या भाषेत सांगायचे तर सप्तकामागे चार सेंट. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. वातानुकूलित खोलीत २४ अंशांवर लावलेले वाद्य मे महिन्यात ३४ अंशांच्या मांडवात नेले आणि आत काहीही उपाय नसेल, तर सप्तकाच्या दुसऱ्या टोकाला सूर चाळीस सेंटांनी हुकेल. आपल्याकडे प्रमाणश्रुती सुमारे २२ सेंटांची मानतात. म्हणजे जवळजवळ दोन श्रुती. कोमल ऋषभ अतिकोमल व्हायला एवढे पुरेसे आहे.

यावर उपाय झाले. एकाच चकतीवर जुळे ट्रान्झिस्टर घेतले की दोघांचे तापमान सारखे राहते आणि अर्धी चूक आपोआप कटते. उरलेली चूक कापायला तापमानाबरोबर वाढणारा खास रोधक लावतात. त्याची वाढ अंशामागे ०.३३ टक्केच असते, हिशोब बरोबर उलटा. काही चिपमध्ये तर आतच शेगडी असते, जी ट्रान्झिस्टरला बाहेरच्या हवेपेक्षा गरम आणि स्थिर ठेवते. तरी तजवीज पूर्ण बसत नाही. म्हणून ही वाद्ये वाजवण्याआधी अर्धा तास चालू ठेवायची, मगच सुरात लावायची, हा नेम.

सुरात लावणे म्हणजे दोन गोष्टी. मुख्य खुंटीने खालचा षड्ज जुळवायचा, मग वरचा षड्ज दाबून पाहायचा. तो चढा किंवा उतरता लागला तर सप्तकाचा पल्ला चुकला आहे. तो आतल्या बारीक स्क्रूने सुधारायचा. स्क्रू फिरवला की खालचा षड्ज हलतो, म्हणून पुन्हा खाली यायचे. असे खाली-वर करत दोन्ही टोके जुळवायची. मोजपट्टी कानच. दोन ऑसिलेटर एकाच स्वरावर आणले की त्यांच्यात लाटा उठतात. एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४१ वर असेल तर सेकंदाला एक लाट. लाट मंद होत थांबली की सूर जुळला. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळवणारा कान हे शिकलेलाच असतो, आणि मुंबईच्या वादकांकडे तो होता. साठ वादक ताटकळत बसलेले असताना दोन टेकच्या मधल्या वेळात हे काम उरकायला मात्र हातही तेवढाच सराईत लागतो.

विजेचाही स्वभाव होता. शहराला बेस्टची वीज, उपनगरांना तेव्हा बीएसईएसची. दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेतून आणलेल्या वाद्याला मात्र ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची सवय. व्होल्टेज निम्मे करणारा ट्रान्सफॉर्मर शेजारी ठेवला नाही तर फ्यूज उडणे हे नशीब चांगले असल्याचे लक्षण. हर्ट्झचा फरक ट्रान्सफॉर्मरने जात नाही. सिंथेसायझरला तो बाधत नाही, कारण त्याच्यात वीज आधी एकदिश करून घेतात. हॅमंड ऑर्गनला मात्र बाधतो. त्याची दातेरी चाके विजेच्या लयीवर फिरणाऱ्या मोटरीला जोडलेली असतात, त्यामुळे ६० हर्ट्झचा ऑर्गन ५० वर लावला की प्रत्येक सूर पाच-षष्ठांश होतो. षड्जाची पट्टी दाबावी तर मंद्र शुद्ध धैवत ऐकू येतो, आणि तोही गणिताने अगदी शुद्ध.

विजेची घरघरही कानाने वाचता येते. ५० हर्ट्झची संथ, गोल घरघर आली तर दोष बहुधा जोडण्यांत असतो: ॲम्प्लिफायर आणि वाद्य वेगवेगळ्या प्लगवर आहेत आणि अर्थिंगचे वेटोळे पडले आहे. तिच्या वरच्या सप्तकात, १०० हर्ट्झवर, जरा टोकदार घरघर असेल तर वाद्याच्या आतले वीज गाळणारे कपॅसिटर म्हातारे झालेले असतात, कारण एकदिश केलेल्या विजेची लहर दुप्पट वेगाची असते. पहिल्या दोषाला प्लग बदलणे पुरते. दुसऱ्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो, जिथे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या पिढ्यांनी या शहराचे आवाज चालू ठेवले.

गोराईसारख्या ठिकाणी आणखी एक शत्रू असतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली आणि वर्षभर खारी. पत्र्याचे आणि खिडकीच्या गजांचे जे होते, तेच जॅकच्या आतल्या पत्तीचे होते, फक्त डोळ्यांना न दिसता. पत्तीवर ऑक्साइडचा पातळ थर बसला की आतली जोडणी तुटते. सेमी-मॉड्युलर वाद्यात अशा पत्त्या डझनांनी असतात, आणि गंमत अशी की जो जॅक कधीच वापरला जात नाही त्याची पत्ती आधी खराब होते, कारण तिला घासायला कुणी येत नाही. वाद्य मग विचित्र वागते: वायर न लावता मुके, वायर लावली की बोलते. अशा वेळी रिकाम्या प्लगने तो जॅक दहा-वीस वेळा आत-बाहेर करायचा. घर्षणाने थर निघतो आणि वाद्य पुन्हा गाऊ लागते. त्यानेही भागले नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा. गंज काढायचे तेल नको. ते धूळ धरून ठेवते. खुंटी फिरवताना येणारी करकर याच दोषाची बहीण आणि तिचे औषधही तेच. पावसाळ्यात वाद्य झाकून, सिलिका जेलच्या पुड्या शेजारी टाकून ठेवणे आणि आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू करणे, यासारखा दुसरा उपाय नाही. आतल्या उबेने ओल निघून जाते.

याच शहरात १९८२ मध्ये एका वादकाने तीन जपानी यंत्रे एकत्र बांधून जे केले, त्याची दखल जगाने घ्यायला अठ्ठावीस वर्षे लावली. चरणजीत सिंग चित्रपटसंगीतातले वादक होते. गिटार, बास, विजेची वाद्ये, सगळ्यांत हात चाललेला. त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती: ज्युपिटर-८ हा आठ सुरांचा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी पेटी. टीबी-३०३ बनली होती बास गिटारची जागा घ्यायला. ते काम तिला धड जमले नाही आणि १९८४ पर्यंत तिचे उत्पादन थांबले. चरणजीत सिंगांनी ती रागाला लावली. तबला बाजूला, डिस्कोचा ठेका खाली, आणि वर ललत, भूप, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे त्या एलपीचे नाव.

तंत्राच्या अंगाने हे काम किती अवघड होते, ते सहसा सांगितले जात नाही. यंत्रांना जोडणारी मिडी ही सर्वमान्य भाषा १९८३ मध्ये आली. त्याआधी टीआर-८०८ आणि टीबी-३०३ एका पाच टाचण्यांच्या वायरीने एका लयीत धावत. मात्रेमागे २४ ठोके त्या वायरीतून जात. ज्युपिटरला ती भाषा कळत नसे, त्याला साधा ठोका लागे. टीबी-३०३ मध्ये स्वर भरणे तर शिक्षाच: आधी सगळे स्वर क्रमाने, मग त्यांची लय वेगळी, मग कोणत्या स्वराला जोर आणि कोणत्या स्वरावरून पुढच्यावर घसरायचे, ते पुन्हा वेगळे. आतले सेल उतरले की भरलेले सगळे विस्कटे. त्या घसरण्याच्या सोयीतच मात्र रागाला लागणारी मींड होती, आणि एका वादकाने ती ओळखली. शिकागोत फ्यूचर या त्रयीचा ‘ॲसिड ट्रॅक्स’ हा त्याच पेटीवरचा आवाज १९८७ मध्ये आला आणि त्यातून ॲसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला. एडो बाउमन या डच संग्राहकाच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ने २०१० मध्ये मुंबईची तबकडी पुन्हा काढली तेव्हा श्रोते चकित झाले. शिकागोने मुंबईकडून काही घेतले असे म्हणायला आधार नाही. दोन्हीकडे त्या पेटीने हातात घेणाऱ्याला आपला स्वभाव दाखवला. सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग त्यानंतर युरोपातल्या मंचांवर या रचना वाजवायला गेले. जुलै २०१५ मध्ये ते वारले.

त्यांच्या तबकडीनंतर लगेचच वारे फिरले होते. १९८३ चा यामाहा डीएक्स-७ डिजिटल होता. तो तापत नसे, सरकत नसे, आणि बटणावर आवाज देई. स्टुडिओंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि व्होल्टेजची वाद्ये माळ्यावर गेली. नव्या यंत्रांवर मुंबईत ज्यांनी हुकमत मिळवली त्यांत विजू शाह हे नाव ठळक: ‘त्रिदेव’पासून ‘मोहरा’ आणि १९९७ च्या ‘गुप्त’पर्यंत त्यांचे सिंथेसायझर ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतात. ते कल्याणजींचे चिरंजीव. एका घरातल्या दोन पिढ्यांनी क्लाव्हियोलिन ते संगणक एवढे अंतर पार केले.

ॲनालॉग वाद्ये परत आली ती अशी. कॉर्गने २०१३ मध्ये एमएस-२० छोट्या आकारात पुन्हा काढला, मूगने २०१५ मध्ये मदर-३२ आणि २०१८ मध्ये ग्रँडमदर ही सेमी-मॉड्युलर वाद्ये आणली. मुंबईत आदित्य नंदवाना यांच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनने गिटारचे पेडल आणि मॉड्युलर वाद्यांचे भाग इथेच घडवून परदेशी पाठवायला सुरुवात केली. परकीय चलनासाठी अडलेल्या वादकांच्या शहरात हे घडावे, याचे समाधान मोठे आहे. नव्या वाद्यांची तापमानाची तजवीज जुन्यांपेक्षा बरी आहे. जॅकमधली पत्ती मात्र तीच, आणि खारी हवाही तीच.

एक गोष्ट मिनीमूग आणि सेमी-मॉड्युलर वाद्यांत तेव्हाही नव्हती आणि बऱ्याच अंशी आजही नाही: स्मृती. बांधलेला आवाज साठवता येत नाही. वायरी काढल्या, खुंट्या हलल्या, की तो गेला. म्हणून जुन्या वाद्यांसोबत कोरे नकाशे मिळत. त्यावर प्रत्येक खुंटीचा काटा आणि प्रत्येक वायरीची रेघ पेन्सिलीने काढून ठेवायची. वादकांची स्मृती मात्र थोडीफार जपली गेली: केरसी लॉर्ड आणि त्यांच्या कुटुंबावर रुद्रदीप भट्टाचार्जी यांनी २०१२ मध्ये ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट केला, आणि ग्रेगरी बूथ यांनी त्याआधी २००८ मध्ये मुंबईच्या स्टुडिओ-वादकांच्या आठवणी पुस्तकात आणल्या. केरसी ऑक्टोबर २०१६ मध्ये गेले. या दोन कामांमुळे माणसे आपल्याला कळतात. आता नकाशे हवेत. ज्यांनी ही वाद्ये वाजवली, उघडली, झाळली, त्यांच्यापैकी जे आज गोराईत, बोरिवलीत, अंधेरीत राहत असतील, त्यांच्याकडे कोऱ्या नकाशाची एक वही घेऊन जायला हवे आणि विचारायला हवे: मे महिन्यात तुम्ही सप्तकाचा स्क्रू कुठे ठेवत होतात, पावसाळ्यात कोणता जॅक आधी दगा देई, आणि पुंगीसाठी फिल्टर नेमका किती उघडत होतात?